चार बगळे

मला एकच बगळा हवा होता. हे मी इतक्या जणांना सांगून झालंय की आता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलंय.

मी पत्ते पारखते, म्हणजे खेळायचे आणि जमवायचे ते चित्रांचे पत्ते. निप्पोनबाशीच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर ओनिशीसाहेबांचं दुकान आहे, तिथल्या खरेदीच्या काउंटरमागे माझी खुर्ची. लोक आपले पत्ते घेऊन येतात, टोकन घेऊन बाकड्यावर बसतात, आणि मी दिव्याखाली एकेक पत्ता तिरका धरून बघते. कडेला पांढरा ठिपका आहे का, पाठीवर ओरखडा आहे का, कोपरा दबलाय का. मग आकडा सांगते. कुणी खुशीत मान डोलावतं, कुणी तोंड वाकडं करून डोलावतं. नाही म्हणणारे थोडेच, कारण लिफ्ट कायम बंद असते आणि एवढे जिने चढून आल्यावर पत्ते परत घरी न्यायचं कुणाच्या जिवावर येत नाही?

पत्त्याला दोन किमती असतात. एक खेळातली: हा पत्ता गड्डीत असला तर माणूस जिंकतो का? दुसरी जपणुकीची: हा पत्ता कधी खेळलाच नाही, नुसता प्लास्टिकच्या पेटीत बंद करून कपाटात ठेवला, तर पुढे कुणी त्याच्यासाठी वेडं होईल का? खेळातली किंमत एका मोसमात चढते आणि पुढच्या मोसमात उतरते. जपणुकीची सावकाश चालते, पण टिकते. ज्या पत्त्याला दोन्ही आहेत तो पडला तरी झेलायला खाली कुणीतरी असतं. ज्याला फक्त खेळातली आहे तो पडला की थेट दहा येनच्या खोक्यात. आणि ज्याला दोन्ही नाहीत तो त्या खोक्यातच जन्माला येतो.

'पुलाखालचा बगळा' या शेवटच्या जातीतला. आमच्या खेळात दर पाळीला हल्ला करावाच लागतो, तशी सक्तीच आहे. बगळा टाकला की त्या पाळीपुरती सक्तीतून सुटका. काही न करता नुसतं उभं राहायचं. आता एवढ्या हातघाईच्या खेळात एक पाळी नुसतं उभं राहणं म्हणजे समोरच्याला पाट मांडून जेवायला बसवणं. कुणी तो खेळत नव्हतं, आणि छापलेला मात्र ढिगाने होता.

चित्र तेवढं छान होतं. राखी रंगाचा बगळा, पुलाच्या सावलीत, एका पायावर. माझे वडील मोरिगुचीला वृद्धाश्रमात असतात. त्यांच्या खिडकीतून योदो नदीचा एक तुकडा दिसतो आणि तिथे रोज येणारा बगळा त्या हिवाळ्यात यायचा बंद झाला होता. म्हातारा रोज विचारायचा. म्हटलं, चहाच्या ट्रेवर हे चित्र चिकटवून देऊ, तेवढीच करमणूक. जेवणाच्या सुट्टीत मी दहा येनच्या खोक्यात हात घातला आणि बगळे शोधून त्यातले स्वच्छ कडांचे चार उचलले.

एकच हवा होता. पण पंचवीस वर्षं खेळलेला हात एक उचलत नाही. आमच्या खेळात एका गड्डीत एका पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती चालतात, त्यामुळे हाताला सवयच चारची. दुकानात दुधाची पिशवी घ्यायला गेले तरी मी चार घेईन की काय अशी मला कधीकधी भीती वाटते.

"चार?" बाजूच्या खोक्यातून इवाईकाकांनी मान वर केली.

इवाईकाका निवृत्त पोस्टमन. रोज उघडायच्या वेळी येतात, दिवसभर दहा येनची खोकी उपसतात, आणि काय दिसलं ते फोनवर जगाला कळवतात. त्यांच्या एका ओळीची वाट बघणारे हजारो लोक आहेत. आयुष्यभर लोकांची पत्रं वाटली, आता बातम्या वाटतात.

"हो, चार," मी म्हटलं. घाईत होते. पैसे भरले आणि वर जेवायला गेले.

तीन घेतले असते तर त्यांनी बघितलंही नसतं. पाच घेतले असते तर हसले असते. पण निप्पोनबाशीतली जुनी खेळाडू, आता पारखी, स्वतःच्या दुकानातून, स्वतःच्या पैशाने, एका कचरा पत्त्याच्या बरोबर चार प्रती घेते, तीही कडा तपासून! आमच्या लोकांत याचा अर्थ एकच होतो. मी भाताचा शेवटचा घास घेईपर्यंत ती ओळ फिरली होती: 'कुसाकाबाईंनी बगळा घेतला. चार.'

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या दुकानांची खोकी उपसून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात रांग लागली होती.

"अहो, वडिलांसाठी घेतला मी," मी पहिल्याला सांगितलं.

"वडिलांना चार बगळे?" तो म्हणाला, आणि सगळा जिना हसला.

मी खरं सांगत होते आणि ते माझ्याच कानांना थापेसारखं वाटत होतं.

त्या दिवशी खरेदीचा फलक लिहायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की मी चांगलीच अडकलेय. काउंटरच्या वर आमचा फलक असतो: कुठला पत्ता आम्ही काय भावाने घेतो. बगळ्याचा भाव कमी लिहिला, तर लोक म्हणणार, बाईला स्वस्तात गोळा करायचेत. जास्त लिहिला, तर म्हणणार, बघा, पक्कं झालं. 'घेत नाही' लिहिलं, तर म्हणणार, दुकानाने आधीच कोठार भरलंय. लिहिलंच नाही, तर मग विचारायलाच नको. मी खडू हातात घेऊन स्टुलावर उभी, आणि खाली सगळे माना वर करून माझ्या हाताकडे बघतायत. घामाने खडू ओला झाला.

"काहीही लिही गं," ओनिशीसाहेब मागून म्हणाले. त्यांनी रात्रीतच गोदामातली सगळी खोकी खाली आणून बगळे वेगळे काढले होते. "तू बोललीस तरी माझा फायदा, गप्प बसलीस तरी माझा फायदा. असा नोकर मिळायला भाग्य लागतं."

"साहेब, पत्ता भिकार आहे. तुम्हालाही माहितीय."

"मला माहितीय. तुलाही माहितीय. आता आपण दोघंच, आणि ते बघ किती जण आहेत."

मी खरं बोलायचं ठरवलं. जो येईल त्याला सांगायचं: हा कामाचा नाही, घेऊ नका. आणि दर वेळी समोरचा माणूस डोळे मिचकावायचा. पारखी बाई एखादा पत्ता घेऊ नका म्हणून इतकं जीव तोडून सांगते, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. माझ्या तोंडून निघालेलं प्रत्येक 'नाही' त्यांच्या कानात शिरेपर्यंत 'हो' होत होतं. तिसऱ्या दिवशी माझा आवाज बसला. मग ते म्हणाले, दुकानाने बाईला गप्प केलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. गल्लीतली हौशी पोरं, शंभर-दोनशे येन इकडचे तिकडे. पण तोमोबेही त्यात होता.

तोमोबे माझा जुना जोडीदार. जोडीच्या स्पर्धा आम्ही एकत्र खेळायचो, मी पत्ते निवडायचे आणि तो खेळायचा. नंतर त्याने वडिलांचं ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबीच्या जाड धिरड्यांचं, दुकान हातात घेतलं, त्सुरुहाशीच्या बाजारात, आठ माणसं बसतील एवढं. तो आणि सानाए वहिनी, दोघं दिवसभर तव्यापाशी उभी. तवा जुना, खालची गॅसची नळी त्याहून जुनी. गॅसवाले येऊन सांगून गेले होते: वर्ष संपायच्या आत सगळं बदला, नाहीतर जोडणी तोडू. त्या तव्यासाठी दोघांनी पैसे बाजूला ठेवत आणले होते.

ते पैसे घेऊन तोमोबे बगळे घेत होता. गल्लीत दुसऱ्या दुकानांत जायचा, मला दिसू नये म्हणून. शेवटी गाठलाच मी त्याला जिन्यात, दोन्ही हातांत खोकी.

"अरे, वेडा झालास का तू?"

"शू! हळू बोल," तो म्हणाला. "मी कुणाला सांगितलेलं नाही."

"काय सांगितलेलं नाही? सांगण्यासारखं आहे काय? तोमोबे, मी तुझ्याशी कधी खोटं बोललेय?"

"माझ्याशी नाही. पण तू आता दुकानाची माणूस आहेस, बाई. तुला बोलता येत नाही, मला कळतं." आणि त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं! "तू चार उचललेस ना, तेवढं मला पुरे आहे."

मला त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. एवढा विश्वास कुणी कुणावर ठेवू नये. नवरा-बायकोनेसुद्धा ठेवू नये.

दोन दिवसांनी वहिनी आल्या. टोकन घेतलं, रांगेत बसल्या, नंबर आल्यावर समोर उभ्या राहिल्या. हातात एकही पत्ता नव्हता. केसांना तेलाचा आणि सॉसचा वास येत होता, म्हणजे तव्यावरून थेट आल्या होत्या.

"ताई, तो पत्ता चांगला आहे का?"

"नाही."

"मग यांना सांगा."

"सांगितलं, वहिनी. अंगावर ओरडून सांगितलं."

"ते म्हणतात, ताईंच्या बोलण्याकडे नाही, हाताकडे बघायचं." त्यांनी काउंटरच्या कडेवर बोट फिरवलं. "मला यातलं काही कळत नाही. कळून घ्यायचं कधी मनातही आलं नाही. पण एक विचारते. ते हाताकडे बघतात ना? मग हातानेच दाखवा."

मागून इवाईकाकांचे कान टवकारलेले होतेच. पण वहिनी बोलल्या ते शंभर टक्के खरं होतं. तोंडाने सांगून जे होत नव्हतं ते पटावर होणार होतं. मी त्याच संध्याकाळी तोमोबेच्या दुकानात गेले, तव्यापाशी बसले आणि म्हटलं, "रविवारी समोर बस. माझ्या गड्डीत चार बगळे असतील. तू तुझी नेहमीची गड्डी आण."

त्याचे डोळे चमकले. "आणि?"

"आणि मी हरले, तर सोमवारी सगळे बगळे विकायचे. आज भाव चढलेला आहे, तुझे पैसे परत येतील, वर थोडे जास्तच."

तो उलथन्याने कोबीचा गोळा दाबत बसला. वहिनी पाठमोऱ्या अंडी फोडत होत्या, पण हात थांबला होता.

"कबूल," तो म्हणाला. "पण एक आहे, कुसाका. मुद्दाम हरलीस तर मला कळेल. तुझा खेळ मला तुझ्यापेक्षा जास्त माहितीय. एक जरी चाल हलक्या हाताची दिसली ना, दुप्पट घेईन. तव्यावर हात ठेवून सांगतो."

"मुद्दाम हरायची गरजच नाही. तो पत्ताच मला हरवेल."

हे मी अगदी मनापासून बोलले. बगळ्यासारखा पत्ता चार जागा अडवून बसला की कितीही चांगली गड्डी लंगडी होते. मी सगळं जीव लावून खेळायचं आणि सरळ मार्गाने हरायचं. इतकं सोपं. वहिनींनी मला निघताना डबा भरून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

रविवारी दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ओनिशीसाहेबांनी मधलं टेबल मोकळं केलं होतं आणि फोन तिकाटण्यावर लावून घरबसल्या बघणाऱ्यांची सोय केली होती. कामावरच्या पारख्याने दुकानात खेळायचं नाही हा त्यांचाच नियम. तो त्या दिवशी त्यांना आठवला नाही. वहिनी भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी दुकान बंद ठेवलं होतं, आणि रविवारी ते दुकान बंद मी कधी बघितलेलं नाही.

आम्ही वाकून नमस्कार केला, एकमेकांची गड्डी पिसली, खेळ सुरू झाला.

पहिल्या पाच पत्त्यांत माझ्याकडे दोन बगळे आले. वा! मनात म्हटलं, संपलं, चला जेवायला. तोमोबेची गड्डी वेगवान, भराभर पत्ते उचलणारी आणि भराभर मारणारी. नेहमीसारखा खेळला असता तर त्याने मला सहा-सात पाळ्यांत गुंडाळलं असतं. पण तो नेहमीसारखा खेळेना. मी एक बगळा टाकून नुसती उभी राहिले, तर तो पंधरा मिनिटं त्या पत्त्याकडे बघत बसला. त्याला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. मोठे मोहरे त्याने मागे ठेवले, किरकोळ प्यादी पुढे सरकवली, आणि मी काय लपवलंय ते शोधायला आणखी पत्ते उचलत राहिला. मी काहीच लपवलेलं नव्हतं! मी जे खेळत होते ते सगळं वाईट गड्डीचं सरळ खेळणं होतं. पण समोर भीती बसली होती, आणि ती माझ्यापेक्षा चांगली खेळत होती.

तरीही तो पुढेच होता. हळूहळू त्याने मला कोपऱ्यात नेलं. दुसरा बगळा मी असाच टाकला, जीव वाचवायला. तिसरा त्याने माझ्या हातातून उडवला. मैदानात माझा एक भालाईत उरला, आणि त्याच्यासमोर तोमोबेची दगडी भिंत. त्या भिंतीवर हल्ला केला की उलटा फटका बसतो. मला आणखी एकच फटका पुरेसा होता.

माझी पाळी. पाळीत हल्ला सक्तीचा. भालाईत भिंतीवर आपटणार, फटका मला बसणार, खेळ खलास. तोमोबेने हे माझ्या आधी बघितलं होतं. तो खुर्चीत मागे रेलला आणि गालातल्या गालात हसला. हसू जिंकणाऱ्याचंच होतं. बगळे, तवा, सगळं त्या घटकेला तो विसरला होता. वहिनींना पत्ते कळत नव्हते, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

मी पत्ता उचलला. चौथा बगळा.

आणि मग मला त्याच्या उजव्या हाताशी असलेली मोकळी जागा दिसली. तिथे गड्डी असते. गड्डी नव्हती. एवढा वेळ भीतीने पत्ते उचलून उचलून त्याने ती संपवली होती. आमच्या खेळात ज्याची पाळी आली आणि उचलायला पत्ता उरला नाही तो हरला. म्हणजे मला फक्त ही एक पाळी हल्ल्याशिवाय काढायची होती. अख्ख्या खेळात हजारो पत्ते आहेत. हल्ल्याशिवाय उभं राहू देणारा पत्ता एकच आहे, आणि तो माझ्या हातात होता.

हातात काय आहे हे मला एकटीलाच दिसत होतं. फोन पटाकडे वळवलेला होता. भालाईत पुढे सरकवला असता तर कुणी 'असं का' म्हणून विचारलंही नसतं. सगळे तेच धरून बसले होते. तोमोबेलाही त्यात हलक्या हाताची चाल दिसली नसती. त्याने सोमवारी बगळे विकले असते आणि मंगळवारी नवा तवा मागवला असता. मी हे सगळं समजून होते. वहिनी मिटल्या डोळ्यांनी उभ्या होत्या, तेही मला दिसत होतं.

मी बगळा टाकला.

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग तोमोबेचा हात सवयीने पत्ता उचलायला उजवीकडे गेला आणि टेबलाच्या लाकडावर पडला. इवाईकाका ओरडले, मग सगळेच ओरडले. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, ओनिशीसाहेब फोनमध्ये काहीतरी सांगत होते, आणि तोमोबे, तो तर सगळ्यांत जास्त खूश, टेबलावरून वाकून माझे दोन्ही हात धरून गदागदा हलवत होता. "बघितलं? बघितलंस? म्हणत होतो ना मी!"

आणि मी आनंदात होते. खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत एवढी देखणी चाल माझ्या हातून झाली नव्हती.

मग वहिनी समोर आल्या. त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला, अगदी रीतीप्रमाणे, आणि म्हणाल्या, "अभिनंदन, ताई."

तेव्हा कुठे मी खाली आले.

त्याच दिवशी मी तोमोबेला धरलं. म्हटलं, आज वीक, आत्ता वीक, अशी स्थिती हजारात एकदा येते, तू घाबरून पत्ते संपवलेस म्हणून आली. तो हसत सुटला. "ज्या पत्त्यावर तू मला सगळ्यांसमोर हरवलंस तोच वीक म्हणतेस? आणि पैज काय होती? तू हरलीस तर विकायचे. हरलीस का?" त्याने गॅसवाल्यांकडे मुदत वाढवून मागितली आणि उरलेल्या पैशांचे आणखी बगळे घेतले. भाव अजून चढला. फलकावर तो आकडा मीच लिहिला, माझ्या हाताने, आणि प्रत्येक आकड्याखाली कुणीतरी टाळी वाजवली.

मग मोठी स्पर्धा झाली, देशभरच्या खेळाडूंची. कितीतरी जण बगळे घेऊन गेले. समोरच्यांनी पत्ते जपून उचलले आणि सरळ मारत सुटले. दुपारच्या आत बगळेवाले सगळे घरी. संध्याकाळपासून भाव उतरायला लागला आणि उतरताना त्याला कुणी हात दिला नाही, कारण द्यायला कुणी नव्हतंच. चित्र छान आहे म्हणून ठेवून घेणारा माणूस एक बगळा घेतो. तेवढ्याने तोमोबेची खोकी कशी रिकामी होणार?

हिवाळा संपताना तो खोकी घेऊन आला. टोकन घेतलं, बसला, नंबर आल्यावर समोर आला. वहिनी बरोबर होत्या, पण आत न येता जिन्याच्या दाराशीच उभ्या राहिल्या. दुकानाची गॅसजोडणी तुटून आठवडा झाला होता. हे मला इवाईकाकांकडून कळलं होतं.

"सगळे," तो म्हणाला.

असे पत्ते आम्ही दिव्याखाली बघत नाही. वजनावर घेतो. पण त्याने प्रत्येक बगळा वेगळ्या प्लास्टिकच्या कव्हरात घातला होता, कडा जपायला, आणि कव्हरासकट वजन करता येत नाही. म्हणून मी काउंटरवर बंदची पाटी लावली आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून कव्हरं काढायला लागलो. कव्हर एकीकडे, बगळा एकीकडे.

"त्या शेवटच्या पाळीत," तो एकदम म्हणाला, "तुझ्या हातात बगळा आहे हे कुणाला माहिती होतं?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे तू हल्ला केला असतास तर..."

"हरले असते. कुणाला काही कळलं नसतं. तुलाही नाही."

त्याने हातातल्या पत्त्याचं कव्हर काढलं, पत्ता ढिगावर ठेवला, पुढचा घेतला. मी वाट बघत होते. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"पण जिंकायची चाल तीच होती," तो म्हणाला.

"हो."

"मग झालं तर. मीसुद्धा तोच टाकला असता."

तो हे मनात काही न ठेवता बोलला. मला तर ते पटलंसुद्धा. त्याच्याकडे बघून मी जरा हसले असेन, आणि तोही हसला, जुन्या स्पर्धांत हसायचो तसं. मग मी मान वर केली. वहिनी दाराशीच होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही दोघंही."

आणि त्या वळून जिना उतरायला लागल्या. त्यांची पावलं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होती. आमच्यापैकी कुणीतरी उठून मागे जायला हवं होतं. पण अजून दोन खोकी बाकी होती, आणि आम्ही कव्हरं काढत बसलो.